माळेचा तिसरा पदर

लातूर, शनिवार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या किशनचा साष्टांग नमस्कार. दाजींच्या गुडघ्याला उतार असेल, तुझ्या शिवकन्येच्या लग्नाच्या पापडांना ऊन पुरत असेल (यंदा ते सगळ्या मराठवाड्याला पुरून उरलंय) आणि तुझा रक्तदाब हे पत्र वाचण्याइतका ताळ्यावर असेल, असं धरून चालतो. नसेल तर आधी थोडं गूळपाणी घे, कारण पुढे माळेविषयी लिहायचं आहे. माळ सुखरूप आहे. हे वाक्य दोनदा वाच आणि मगच पुढे जा.

गेल्या महिन्यात आईची पाचपदरी माळ तू माझ्या हवाली केलीस, ती फक्त मागचा गोंडा बदलून आणायला. पदरांना कुणाला हात लावू देऊ नकोस, असं तीनदा बजावलंस. आपल्या घरातली प्रत्येक लेक ती कवड्यांची, अकीक-पोवळ्यांची माळ घालूनच बोहल्यावर चढते, तेव्हा तुझं बजावणं मला रास्तच वाटलं. पण सुमननं (तुझ्या भावजयीचा स्वभाव तुला ठाऊक आहे, मी काही लिहीत नाही) ती शेजारच्या डोहाळजेवणाला एकदाच घातली. आम्ही परततोय तोच गल्लीत टँकरचा भोंगा वाजला. लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाण्याची बदली तेवढी अजून इकडे झालेली नाही. त्यामुळे भोंगा वाजला की इथला माणूस चप्पलही शोधत बसत नाही. भरलेली घागर घाईनं तिच्या डोक्यावर चढवायला गेलो आणि माझ्या घड्याळाचा पट्टा माळेत अडकला. पाचातले चार पदर तुटले. तिसरा तेवढा शाबूत राहिला. तीस बायकांच्या पायांतून मी रांगत कवड्या वेचल्या, पण एकीनंही पाय हलवला नाही, कारण पाय हलला की नंबर जातो.

माळा गाठवणारा पटवेकरी विरूपाक्ष म्हणाला, लगीनसराई आहे, गाठवायला वीस दिवस लागतील. लग्नाला राहिले होते अकरा. शिवकन्या आपल्या घरातली बिनमाळेची पहिली नवरी होणार आणि तीही माझ्यामुळे, या विचारानं मला दोन दिवस भाकर गोड लागली नाही. शेवटी विरूपाक्षाला दया आली आणि त्यानं मला गाठ शिकवली. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं, दोरा ताणून धरायचा, एक मणी ओवायचा, एक गाठ मारायची, पुन्हा मणी. गाठ मण्याला बिलगून बसली पाहिजे. माझी पहिली गाठ मण्यापासून बोटभर दूर बसली आणि दुसरी बसली ती माझ्या करंगळीसकट. (कचेरीत वीस वर्षं फायलींना फिती बांधतोय, पण फाईल कधी गळ्यात घालून बघायची नसते.)

रजा टाकून ओसरीवर बसलो. शाबूत राहिलेला तिसरा पदर नमुना म्हणून पायाशी ताटलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी कवड्यांचा एक पदर कसाबसा गाठवून झाला, तेव्हा लांबी बघायला स्वतःच्याच गळ्यात घातला. (सुमन माझ्याशी बोलत नव्हती, त्यामुळे तिचा गळा मागायची सोय नव्हती.) नेमक्या त्याच वेळी शेजारच्या नागुबाई आल्या. तुळजापूरच्या आईचे आराधी कवड्यांची माळ घालतात, हे मला का ठाऊक नाही? पण त्या घटकेला नाही सुचलं. नागुबाईंनी हातातला अख्खा तांब्या माझ्या पायांवर ओतला. अक्का, या दुष्काळात भरलेला तांब्या. "साहेब, आईनं माळ घातली म्हना की. आता पाऊस कवा हाय, ते बी सांगून टाका," असं म्हणून त्या खाली बसल्या. दोऱ्याचं शेवटचं टोक अजून अंगठ्याला बांधलेलं, त्यामुळे उठून नाही म्हणायचीही पंचाईत. मी मान हलवली ती नकाराची होती, पण गल्लीनं तिचा अर्थ मृगात पडेल असा लावला. तेव्हापासून टँकरवर सुमनचा नंबर पहिला असतो आणि ती माझ्याशी बोलायला लागली आहे. दोन्ही गोष्टींचा खुलासा करायचं धैर्य मला झालेलं नाही.

त्या तांब्यातलं निम्मं पाणी ताटलीत गेलं. संध्याकाळी बघतो तर तिसऱ्या पदरातला मधला मोठा अकीक, जो आजोबांनी हैदराबादेहून आणला म्हणून तू सगळ्यांना दाखवतेस, तो फुगून उकलला होता. तसाच विरूपाक्षाकडे पळालो. त्यानं तो नखानं खरवडला आणि म्हणाला, "ह्यो अकीक न्हाई, किशनराव. चिंचोका हाय, वरून लाख फिरवलीया. अन् ह्या पदराच्या गाठी पटवेकऱ्याच्या न्हाईत, घरच्या बाईच्या हायत."

अक्का, मी तिथेच पायरीवर बसून हसत सुटलो. म्हणजे ही माळ आईच्या हातूनही एकदा तुटली होती. तिनं गुपचूप गाठवली, हरवलेल्या अकीकाच्या जागी चिंचोका बसवला आणि जन्मभर अवाक्षर काढलं नाही. छातीवरचा धोंडा उतरला बघ. त्या रात्री पोटभर जेवलो. विरूपाक्षानं साजेसा अकीक दिला आहे, तो बसवला. बुधवारच्या नांदेड गाडीनं माळ घेऊन निघतो, पुढे अर्धापूरला संध्याकाळपर्यंत पोचेन. दाजींना नमस्कार, शिवकन्येला आशीर्वाद.

तुझा,
किशन

ता. क. माळ सुखरूप आहे असं वर लिहिलं, ते चार पदरांपुरतं खरं आहे. पाचव्याचे मणी रुमालात बांधून आणतोय. माझा अंगठा सुजलाय.

आणखी एक. पत्र पाकिटात घालण्याआधी सुमननं वाचलं आणि उठून तिसरा पदर चांगला धुतला. मळ निघाल्यावर आतला दोरा हिरवागार निघाला. मग तिनं तो पदर नेऊन आमच्या भिंतीवरच्या चौकटीशी धरला. त्या चौकटीत तू लग्नाआधी कशिद्यानं भरलेला पोपट आहे. रंग तोच, पीळही तोच. त्या पोपटाची शेपूट अर्धी का राहिली, असं आई मरेपर्यंत तुला विचारत होती आणि तू दोरा उंदरांनी नेला म्हणून सांगायचीस. तेव्हा अक्का, आईवरचा आळ मी मागे घेतो, पाचवा पदर तूच गाठव. तेव्हा कळलं असतं तरी आईला मी कधी बोललो नसतो, शिवकन्येलाही बोलणार नाही.