आपला भोंगा

युसूफ वडगाव,
ता. १२ ऑक्टोबर २००३

चि. शहादेव यास अक्काचा पोटभर आशीर्वाद. पाऊस न्हाई, ते सोडलं तर इकडं समदं ठीक हाय. मुंबईत वेळेवर जेवतोस का?

तुझ्या सॅक्सोफोनची कॅसेट पोचली. वरचा फोटो लई झ्याक. पण बाळा, पहिली बाजू मला काहीच कळली न्हाई. तुझ्या दाजींना वाटलं फीत गुंतली, म्हणून पेन्सिल घालून सगळी गुंडाळत बसले! हसू नको. चाल कुठं हाय रे त्यात? रेडकू हरवलेली म्हैस रेकावी तसं वाटलं. तरी आईकली, तुझी हाय म्हणून.

आबांनी आईकली का, असं तू विचारलंस. सांगते, दम धर की.

आपला सहकारी कारखाना यंदाबी बंद. ऊसच न्हाई तर गाळणार काय? अर्धं गाव कर्नाटकात ऊसतोडीला निघालंय. जन्मभर कारखान्याचा भोंगा वाजवलेले आबा नुसते ओट्यावर बसून असतात. तू कारखान्यातली नोकरी सोडून हा बाजा धरलास, तेव्हापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव निघालेलं न्हाई, हे तुला ठावं हाय.

परवा दाजींनी हौसेनं दुसरी बाजू मारुतीच्या देवळातल्या कर्ण्यावर लावली. आन शहादेव, त्यातून भोंगा निघाला रे! आपला भोंगा! बाया ओरडल्या, "बॉयलर पेटला!" बंकटमामानं ट्रकात चढवलेली भांडी खाली उतरवली. आबांनी खुंटीवरचा खाकी सदरा घातला, सायकल काढली आन निघाले कारखान्याला. मी पदर खोचून मागं पळाले. वेशीपाशी गाठलं आन सांगितलं, "आबा, ती कॅसेट हाय. आपल्या शहादेवाची."

तिथंच सायकलीला धरून रडले. आई गेली तवाबी मी त्यांना रडताना बघितलं न्हाई. मला तुझा लई राग आला, खोटं कावून लिहू?

सांच्याला म्हणाले, "लाव परत." पुन्हा पुन्हा आईकली. मग म्हणतात, "भोंगा बरोबर धरलाय गाढवानं. पण शेवटाला एकदम तोडतंय. वाफ हळूहळू सोडायची असती. लिहून कळायचं न्हाई त्याला. ये म्हणावं, दाखवतो."

दिवाळीला ये. बाजा घेऊन ये.

पाकीट घाईनं फाडून टाकलं असशील, तुझी खोडच ती. आधी ते उचल. त्याच्यावरलं तुझं नाव मी लिहिलेलं न्हाई.

तुझी
अक्का