झरा म्हणून मिरवलेलं पाणी

५ मार्च, गुरुवार

कोर्टातून आले तर बंधाऱ्यावर लाल अक्षरांचा बोर्ड. 'पोहण्यास सक्त मनाई.' माझ्या लग्नाच्या वर्षी बांधलेला बंधारा. इतक्या वर्षांत दुरुस्तीला कोणी फिरकलं नाही, पण बोर्डाला दोन माणसं आणि एक जीप. त्यातल्या एकाला गाठलं. म्हटलं, पोरांनी पोहायचं कुठं? म्हणाला, "मॅडम, मी फक्त बोर्ड लावायला आलोय." प्रामाणिक माणूस. चहा पाजला.

रविवारी महिला दिन आणि रंगपंचमी एकत्र. भाषण माझं. विषय ठरला: मुलींचं पोहणं. गावातली पोरं सातव्या वर्षी भिंतीवरून उड्या मारतात, पोरी काठावर धुणं धुतात. पाय घसरला तर पाणी काही विचारत नाही, मुलगा का मुलगी. सुट्टीत वर्ग काढायचा. एकवीस नावं आली.

मला स्वतःला पोहता येत नाही. हे फक्त इथं लिहिते.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी भिंतीखालच्या झऱ्यावर. दोन वर्षांपूर्वी हा झरा आपणहून फुटला, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, खडकाच्या कपारीतून. भर मेमध्ये वाहतो. सुगंधाआत्यांनी (ह्यांची चुलत आत्या, सत्तरी ओलांडलेली, आवाज माझ्यापेक्षा मोठा) तिथं साती आसरा, पाण्यातल्या देवी, मांडल्यात. सात दगड, शेंदूर, हिरव्या बांगड्या. त्यांचं म्हणणं, आसरा प्रसन्न झाल्या. माझं म्हणणं, आठ वर्षांपूर्वी आम्ही डोंगरावर श्रमदानानं चर खोदले, ते पाणी मुरून इथं आलं. नेकनूरपासून चौसाळ्यापर्यंत एकही व्यासपीठ सोडलं नाही मी ह्या झऱ्यावर. 'घामाला फुटलेला पाझर' हे माझंच वाक्य. टाळ्या हमखास.

आज पुन्हा वाद. आत्या म्हणाल्या, "तुज्या चरात पावसाळ्यात बी पानी ऱ्हात न्हाई, आन् झरा उनाळ्यात कसा गं?" मी म्हटलं, विज्ञान आहे ते. रहीमचाचा जवळच बसले होते. बंधाऱ्याची लोखंडी दारं दिवाळीनंतर एकावर एक बसवायची आणि पावसाआधी काढायची, हे काम चाचांचं, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचं. ते सुपारी कातरत राहिले.

८ मार्च, रविवार

काय दिवस. नीट लिहिता येत नाहीये, बोटं अजून हिरवी.

भाषण छान झालं. पन्नास मिनिटं. शेवटी बायाच म्हणाल्या, बोलून काय व्हतंय, चला. आणि लुगड्यानिशी पाण्यात. सरपंचाची आई पुढं. बोर्डाला कोणीतरी गुलाबी करून टाकलं. सरपंच तरुण, उत्साही. रंगाचं अख्खं पिंप उरलं होतं, ते त्यानं भिंतीवरून पाण्यात उलटं केलं, अगदी भिंतीला लागून. भिंतीजवळचं पाणी गुलाबी. सगळे खूश.

तासाभरानं खालून आत्यांची हाक. "आगं बया, कुंकू आलं गं, कुंकू."

झरा गुलाबी वाहत होता.

गाव लोटलं. नारळ फुटले. आत्यांच्या अंगात यायचंच बाकी. मी हसत होते, ह्यांना म्हणत होते, बघा, अंधश्रद्धेचा जन्म डोळ्यांदेखत. मग हसू थांबलं. पिंप भिंतीच्या वर रिकामं झालं. झरा भिंतीच्या खाली. डोंगर दुसऱ्या बाजूला, तिथं कोणी रंग नेला नव्हता.

आसरा नाहीत. चर नाहीत. बंधाराच पायातून गळतोय, दोन वर्षं. आणि मी त्याच्यावर भाषणं देत हिंडले.

९ मार्च, सोमवार

कोर्टाला दांडी. पहाटेच चाचांना घेऊन झऱ्यावर. रंग गेलेला, पाणी पुन्हा नितळ. चाचांनी कपारीच्या तोंडाशी बोट घातलं. तिथं बारीक वाळूची एक छोटी रास होती. मी ती रोज पाहत होते.

"झऱ्याचं पानी धुतल्यालं येतं बाई. हे माती घिऊन येतंय. भिंतीच्या बुडातली."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोन साल झालं. दाराच्या फटी मी पेंढा आन् काळी माती लावून बंद करतो. ही फट माज्या हाताच्या खाली हाय."

"मग बोलला कावून न्हाई?" माझी भाषा चिडले की गावाकडं वळते.

चाचा म्हणाले, "एकदा आलतो सांगायला. तुमी मायक घेतलेला हुता."

त्यांनी बोटाची वाळू झटकली. मग ते हसायला लागले, मग मीही.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पोरं ज्या भिंतीवरून उड्या मारतात तिच्या बुडात पोकळी. पाणी जितकं उंच तितका दाब. आज काही होणार नाही, उद्याही नाही. कधीतरी होईल. त्या दिवशी भिंतीवर कोण असेल?

१० मार्च, मंगळवार

दिवसभर पुस्तकं. माझ्याकडं क्रांतीवर तीन कपाटं आहेत, बंधाऱ्याच्या पायावर एक पान नाही. शेवटी लातूरच्या एका इंजिनिअर अशिलाला फोन. तो म्हणाला, वाळू येतेय म्हणजे पाणी आधी कमी करा, बाकी नंतर.

पाणी कमी करायचं म्हणजे दारं काढायची. मार्चात. खालच्या लोकांची टरबुजं आणि कांदा उभा. शिवाय मुलींचा वर्ग.

आणि माझा झरा.

गप्प राहता येईल का, असा विचार जेवताना आला. खरंच आला. ह्यांना सांगितला. हे म्हणाले, "तुला गप्प राहता येत असतं तर आपला संसार वेगळा झाला असता." मग म्हणाले, "कबूल कर, पण थोडक्यात. तुझी कबुलीसुद्धा दीड तासाची होते."

१५ मार्च, रविवार. ग्रा.पं.

थोडक्यात केली. म्हटलं, तो झरा नाही. ती गळती आहे. मी चुकले. भिंत पोकळ आहे, वरची तीन दारं काढा, भिंतीवर जाणं बंद करा.

कोणी विश्वास ठेवला नाही.

ठेवला असता, पण माझीच वाक्यं आडवी आली. सरपंच उभा राहून म्हणाला, "बाई, तुमीच म्हणल्या हुत्या, हा पाझर आपल्या घामाचा हाय. आमी पाठ केलंय. शाळंच्या भिंतीवर लिवलंय." मागून कोणीतरी पुढचं वाक्यही म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. हशा. मीही हसले, चांगली नक्कल होती. टरबूजवाले म्हणाले, पाणी सोडलं तर आमी काय करावं. बरोबर आहे त्यांचं. त्यांच्यासाठी इतकी वर्षं भांडले, आज त्यांच्याविरुद्ध उभी.

चाचांना बोला म्हटलं. चाचा म्हणाले, "वाळू येती. जाऊन बगा." बसले. सहा शब्दसुद्धा नाहीत. माझ्या वेळचा हशा त्यांच्या वेळी झाला नाही.

मग आत्या. मला वाटलं, आता आसरांसाठी भांडतील. त्या म्हणाल्या, "भिंत पडली तर माज्या आसरा पयल्या वाहून जात्याल. त्यांला वर न्यावं लागंल. पर उपाशी हलवता येत न्हाई, आदी जेवन." एवढ्यावर बायांचा प्रश्न सुटला. बाया म्हणाल्या, आसरा हलणार तर दारं निघणारच. पुरुष टरबुजाचे दिवस मोजायला लागले. टरबूज निघेपर्यंत दोन दारांएवढं पाणी ठेवायचं, यावर तडजोड.

तीस वर्षं अंधश्रद्धेवर बोलतेय. आज तिनंच माझा ठराव पास केला. यावर काय बोलायचं ते ठरायचंय.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी लवकर उतरवली. आसरांना दहीभात, पुरणाचे सात नैवेद्य. मीही एक पान वाढलं, आत्यांनी ते आसरांपुढं सरकवलं. दगड टोपलीतून वर बाभळीखाली.

मग दारं. चाचा काठावर उभे, आकडे लावून ओढायला बारा माणसं. पहिलं दार चिखलातून सुटलं आणि तिघं एकमेकांवर. मासे उड्या मारत खाली, त्यांच्यामागं निम्मं गाव. संध्याकाळी पाणी कमरेला. भिंतीचा बुडखा हाताला लागायला लागला, त्यातल्या पोकळीत चाचांचा हात कोपरापर्यंत गेला. सरपंचानं स्वतः हात घालून पाहिला. बाहेर काढला आणि थेट काट्यांचं कुंपण टाकायला गेला. भाषण लागलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

वर्ग सुरू. भिंतीपासून लांब, वरच्या अंगाला, वाळूवर, पोरींना कमरेएवढं पाणी. शिकवणार आत्या. पोहणारी बाई गावात तीच एक निघाली, लहानपणी विहिरीत शिकलेली. पाठीला तेलाचे रिकामे डबे. ऊसतोडीहून परतलेल्या दोघींची भर, तेवीस झाल्या.

चोविसावी मी. सांगून टाकलं. पोरी खूप हसल्या, मग एकीनं हात धरला. दोनदा नाकातोंडात पाणी. आत्या ओरडल्या, "वकीलीनबाई, तोंड मिट. पान्यात बोलता येत न्हाई."

२९ एप्रिल, बुधवार

तीन अर्ज, दोन फेऱ्या, साहेबाच्या टेबलावर वाळूची एक पिशवी, आणि आज ज्युनिअर इंजिनिअर आली. तरुण मुलगी, पायात बूट. माझ्याशी दोन मिनिटं, चाचांशी दीड तास. बुडात सिमेंटचं पाणी दाबून भरता येईल म्हणाली. यंत्र मेमध्ये. तोवर पावसाआधी सगळी दारं बाहेर. एका पुरात टिकेल का, विचारलं. म्हणाली, "मॅडम, आत किती पोकळ आहे ते दिसत नाही." असं उत्तर मला देता आलं असतं तर.

टरबूज गेलं बाजारात. कांद्याला पाणी कमी पडलं. दोघंजण बोलत नाहीत माझ्याशी. समजू शकते.

१७ मे, रविवार

यंत्र गुरुवारी येतंय म्हणे. आभाळ पश्चिमेला आजच भरल्यासारखं.

दोन हात मारून आठ-दहा फूट जाते आता. आत्या म्हणतात, म्हशीसारखी. चालेल.

कपारीच्या तोंडाला चाचांनी मलमलचं फडकं बांधलंय. रोज सकाळी दोघं ते सोडून पाहतो, किती वाळू आली. धार आता करंगळीएवढी. टाकीवर पाण्याला आलेल्या एकीनं विचारलं, "बाई, तुमचा झरा आटायला लागला का?" म्हटलं, आटू दे गं.

आजचं फडकं उन्हात धरलं. चिमूटभर. चाचा म्हणाले कालच्यापेक्षा कमी. मला जास्त वाटली. बराच वेळ वाद घातला.