नोलाने गोठवून ठेवलेलं

बूलिगल,
२८ जुलै १९९१

ती. सौ. ग्लेनिसताईस,
लिंडसेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नोलाच्या अंत्यविधीला, आपल्या भावजयीसाठी, तू जिलाँगहून इतक्या लांब आलीस, नंतर राहून घर सांभाळलंस. तेव्हा काही बोलायला जमलं नाही, म्हणून इथे लिहितो.

यंदा जुलैची थंडी फार आहे. मेंढ्या ठीक आहेत. पुढच्या महिन्यात लोकर कातरणारी टोळी येईल. नोलाने दरवर्षीप्रमाणे त्यांच्या चहाच्या सुट्टीसाठी आधीच गोड करून फ्रीझरच्या पेटीत ठेवलेलं आहे. चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, ॲपल पाय, खजुराचा केक, ब्रेडचं पुडिंग. झाकण जेमतेम बसतं. करताना ती अगदी धडधाकट होती.

ते टोळीला द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे. दर रविवारी मी एक डबा काढतो. पण माझं काहीतरी चुकतं. सकाळी कागद काढून केक ओट्यावर ठेवतो, तर दुपारी जेवताना तो वरून चिकट आणि आतून बर्फ. तिचा असा कधी व्हायचा नाही. ती काय करायची ते ठाऊक असेल तर कळव.

टेडदाजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
लिंडसे


जिलाँग,
५ ऑगस्ट

चि. लिंडसे यास,
ग्लेनिसचे अ. उ. आ.

अरे, कागद आधी काढतोस म्हणूनच तो ओला होतो. हवेतलं पाणी थंड केकवर बसतं. आदल्या रात्री गुंडाळलेला तसाच फ्रिजमध्ये ठेव, बर्फ पूर्ण सुटला की मगच उघड. ॲपल पायचं उलटं. तो गोठलेलाच ओव्हनमध्ये घाल, नाहीतर खालच्या पिठाचा लगदा होईल. आणि एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही, हे मात्र नीट लक्षात ठेव. टेड म्हणतो, मेहुण्याला अडलेल्या मेंढीचं कोकरू सोडवता येतं, पण केकचा कागद कधी सोडवावा ते कळत नाही.

आता रागावू नकोस. तुझी शेजारीण थोरा, तिच्याशी फोनवर बोलले. तू फोन उचलत नाहीस म्हणाली. तिने आणलेलं मटण तू दारातूनच परत पाठवलंस. रविवारी गोड खातोस ते कळलं, बाकीचे दिवस काय खातोस?

आणि टोळीचं म्हणशील, तर नोलाने ते त्यांच्यासाठीच केलं होतं. ती माणसं लोकरीसाठी नाही, तिच्या केकसाठी येतात, असं तूच तिला चिडवायचास. किती दिवस पुरवशील? गोठवलेलंही कायम टिकत नाही रे. चव उडून जाते.

दोन ओळी का होईना, पाठवत जा.

तुझी,
ताई


बूलिगल,
२५ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कागदाचं जमलं. केक कोरडा निघाला.

टोळी आली. चहाबरोबर मी दुकानातली बिस्किटं ठेवली. मुकादम आर्ची म्हातारा झाला, पण जीभ तशीच आहे. त्याने बिस्कीट टेबलावर वाजवून पाहिलं आणि विचारलं, मालक, हे खायचं की यावर कात्र्यांना धार लावायची? सगळे हसले. मला हसता आलं नाही. मग ते चहा संपवून कामाला लागले, बशी तशीच राहिली. माणसं वाईट नाहीत.

तुझं लिहिणं पटतं. पण ती पेटी रिकामी झाली की तिच्या हातचं या घरात काही उरणार नाही. ते मला सोसणार नाही. याविषयी आता आपण लिहू नये.

तुझा,
लिंडसे


जिलाँग,
३० ऑगस्ट

चि. लिंडसे यास,
अ. उ. आ.

बरं, नाही लिहीत. पण रेडिओवर तुमच्याकडच्या वादळाचं ऐकलं आणि तुझा फोन लागत नाही. थोराचाही लागत नाही. टेड म्हणतो, खांब पडले असतील, घाबरू नकोस. मी घाबरलेच आहे. खुशाली लगेच कळव.

तुझी,
ताई


बूलिगल,
६ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खांबच पडले होते. वीज गेली, रस्ता पाण्याखाली गेला, त्यामुळे बर्फ आणायलाही जाता येईना. मेंढ्या भिजल्या. मेंढ्या कातरण्याइतक्या कोरड्या आहेत का, यावर टोळीने आपल्या पद्धतीप्रमाणे मतांच्या चिठ्ठ्या टाकल्या, मेंढ्या ओल्या ठरल्या आणि काम थांबलं. माणसं शेडमध्ये बसून राहिली.

मी शेडमधली कातरलेली लोकर आणून पेटीवर रचली. गारवा टिकेल असं वाटलं. भर पावसात लोकर घरात नेताना पाहून आर्चीने विचारलं, मालक, घरात कुणाला एवढी थंडी वाजतेय? मी लोकर घेऊन आत गेलो.

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं. पुडिंग पाणी सुटून बसलं होतं. ते दुधाचं, म्हणून पुरून टाकलं. बाकी सगळं गार होतं, पण बोट लावलं की दबत होतं. परत गोठवायचं नाही, हे तू लिहिलंच होतंस. लाकडाच्या चुलीच्या भट्टीत ॲपल पाय भाजून घेतले आणि सगळे डबे शेडमध्ये नेले.

टेबलावर ठेवून मी निघालो. ते टेबल टोळीचं, तिथे मालक बसत नाही. आर्ची म्हणाला, गुपचूप बसा, नाहीतर तुमच्यावरही चिठ्ठ्या टाकतो. त्याने बाकावर सरकून जागा केली. मी बसलो. लॅमिंग्टन घेतला, तर मधोमध बर्फ लागला. दात सणकला. डोळ्यांत पाणी आलं, ते कुणी पाहिलं नाही, किंवा पाहूनही दुसरीकडे बघत राहिले. आर्चीने सांगितलं, बाई चॉकलेट हात राखून लावायच्या, मी दरवर्षी बोलून दाखवायचो आणि दरवर्षी माझा चहा बिनसाखरेचा यायचा. ते मला माहीतच नव्हतं. त्यानंतर सगळेच तिच्याविषयी बोलायला लागले. पुष्कळ बोलले. मी ऐकलं.

संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. एखादा तुकडा बाजूला ठेवावा, हे मला सुचलंच नाही. घरी आल्यावर लक्षात आलं.

परवा वीज आली. पेटी पुसून बंद केली, वास येऊ नये म्हणून झाकणात लाकूड अडकवलं. पण पेटीची घरघर नसली की स्वयंपाकघरात बसवत नाही. वादळाच्या आवाजात ते जाणवलं नव्हतं. काल पुन्हा चालू केली. आत काही नाही. वीज फुकट जाते हे मला कळतं, ताई. थोडे दिवस चालू राहू दे.

माया असू दे.

तुझा,
लिंडसे