बद्द वाजलेलं चाक

मंगळवार, संध्याकाळ
थेरगाव

झालं ते लिहून काढतो. चाकणच्या वर्कशॉपात आज ग्राइंडरचं नवं दगडी चाक आलं. नेहमीसारखं मी ते बोटावर टांगलं आणि लाकडी मोगरीने हलकं ठोकलं. चांगलं चाक खणखणीत वाजतं. हे फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं. म्हणजे आत तडा. जोरात फिरलं की तुकडे सुटणार.

सुपरवायझर म्हणाला, "काका, आत्ता खोक्यातून काढलंय. बसवा, काम खोळंबलंय."

"न्हाई बसवणार."

"मोगरीने काय कळतंय? तुमचे कानच गेलेत, राव."

सगळे हसले. ग्राइंडर चालवणारा पाटोळेसुद्धा. अरे बाबा, तुझंच तोंड त्या चाकासमोर असतं!

मी जेवायला गेलो की सुपरवायझर ते चाक बसवून घेणार, हे मला दिसत होतं. म्हणून लोखंडी हातोडी उचलली आणि चाकाचे दोन तुकडे केले.

आता तडा आधीचा की माझ्या हातोडीचा, हे कोण सांगणार? कान खरंच गेले असतील का? नाही. बद्दच वाजलं. चार वेळा ठोकून पाहिलं होतं मी.

उद्या माफीचं पत्र आणा, नाहीतर येऊ नका, असं सुपरवायझर म्हणालाय. पत्र लिहिलंय. "चाक मी फोडलं. तसलं परत आलं तर परत फोडीन." खाली सही. सकाळी हेच त्याच्या हातात देणार.