बेटाला फेरी आणि एक गाऱ्हाणं

आप्पा,

त्या दिवशी तुम्हाला राग नेमका कशाचा आला होता? मी जीप चालवली याचा, की ती नीट चालवली याचा? इतक्या वर्षांत मला उत्तर सापडलेलं नाही, आणि आता तुम्ही सांगायला नाहीत.

मी नववीत होते. रत्नागिरीचे पॅसेंजर जीपने सोडून तुम्ही जेवायला आला होतात. किल्ली जीपलाच होती. मागच्या बाकावर बसून तुमचे पाय कधी काय दाबतात ते मला पाठ झालं होतं. चिरेखाणीकडची चढण मी चढवली, वर गाडी वळवली आणि कुठेही न घासता जागेवर आणून लावली. तुम्ही हात धुऊन पायरीवर उभे. मला वाटलं, हसाल. तुम्ही मारलं नाही. फडकं ओलं करून स्टेअरिंग पुसलंत. मारलं असतं तर मी केव्हाच विसरले असते.

पुनवेला तुम्ही मला देवळात नेलंत. अख्खं गाव जमलेलं. गुरवाने नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या हातून जी काय चूक झाली आसंल, बाईमाणसाचा हात गाडीला लागला आसंल, ती पदरात घे." आणि सगळ्यांनी म्हटलं, "होय म्हाराजा." सगळ्यांनी म्हणजे आईनेसुद्धा. मी खाली बघत उभी आहे, माझ्या पायाजवळ नारळाचं पाणी वाहत येतंय. पुढच्या महिन्यात तुम्ही काकाच्या मुलाला गाडी शिकवायला घेतलंत. त्याने जीप दोनदा दगडी गडग्यावर घातली. त्याच्यासाठी कुणी नारळ फोडला नाही.

दोन वर्षांत तुम्ही गेलात. मी मात्र तुमच्याशी भांडत मोठी झाले. आपल्या घरातली पहिली पदवी घेतली, कॉलेजच्या सभेत बायकांच्या हक्कांवर बोलले तेव्हा टाळ्या पडल्या, पण माझ्या डोळ्यांपुढे तुमचं ते ओलं फडकं होतं. पहिल्या पगारात ड्रायव्हिंगचा क्लास लावला. परवाना हातात आला तेव्हा आनंदापेक्षा वाईटच जास्त वाटलं, की तो दाखवायला तुम्ही नाहीत.

आता ऐका. मासळीच्या अभ्यासासाठी मला नोकरीतून स्कॉटलंडला पाठवतायत. दापोलीची माझी मैत्रीणही सोबत आहे. कोर्स संपल्यावर आठवडाभर सुट्टी आहे आणि तिकडे उत्तरेला एक बेट आहे, डोंगर सरळ समुद्रात उतरलेले. तिथे भाड्याने गाडी घेऊन आम्ही दोघी बेटाला फेरी मारणार आहोत. ओटीवर नकाशा पसरून, चार कोपऱ्यांना चार सुपाऱ्या ठेवून आम्ही सगळं ठरवलं. दाभोळला आपण गाडी अलीकडे ठेवून तरीच्या होडीतून पलीकडे जायचो. तिथे गाडीच होडीत चढते. रस्ता एकाच गाडीपुरता, समोरून कुणी आलं तर कडेच्या जागेत थांबून वाट द्यायची. स्टेअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. मैत्रीण म्हणाली, "मला गाडीतलं काय येत नाय बाय. मी डबा सांभाळीन नि मेंढरं आडवी आली की हाकलीन."

आई हे सगळं उंबऱ्यात बसून ऐकत होती. मैत्रीण गेल्यावर म्हणाली, "जायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालूया. नि तिथं गाडी हाकणार नाय असा म्हण देवासमोर. बापसाला आवडत नव्हता तां."

"आई, तेव्हा तू होय म्हाराजा का म्हणालीस?"

तिने पुढ्यातल्या तांदळातला खडा काढून टाकला. "सगळी म्हणतात तेव्हा तोंड आपसूक उघडतां गो."

त्या एका वाक्यावरून मला कळलं, तुमचा सूड कसा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी मी गुरवाकडे गेले. म्हातारा झालाय, पण आवाज तोच. काय म्हणायचं ते मी त्याला सांगितलं. त्याने मान वर करून विचारलं, "बापसाच्या नावान? मेलेल्या माणसाच्या?"

"चूक त्यांची होती."

"तुझ्या काकाला काय सांगू?"

"काका ऐकत असतात कधी? नुसते ओरडतात."

गुरव खोकला की हसला ते कळलं नाही. पण रविवारी देवळात, गाव जमल्यावर, नारळ उचलून तो खणखणीत म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकीच्या बापसाच्या हातून तिला अडवण्याची जी काय चूक झाली आसंल, ती पदरात घे."

"होय म्हाराजा."

"परमुलखात तिच्या हातात गाडी आसंल, ती सांभाळ."

"होय म्हाराजा."

सवयीने सगळे म्हणाले. काका सर्वांत मोठ्याने, आणि मग तोंड तसंच उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या वेळी आई सगळ्यांबरोबर म्हणाली नाही. मग, सगळ्यांच्या मागून, एकटीच म्हणाली, "होय म्हाराजा." गावाने तुम्हाला माफ केलं, आप्पा, तुम्ही माफी मागितलेली नसताना. त्या पुनवेला मलाही कुणी विचारलं नव्हतं.

मी अजून माफ केलेलं नाही. करीन की नाही, ठाऊक नाही. हे पत्र घेऊन मी पोस्टाच्या कुठल्या पेटीशी जाणार? राहील माझ्या बॅगेत.

एक सांगायचं राहिलं. आईला वाटतं, देवाने परवानगी दिली म्हणून मी चालवणार. तिला तसंच वाटू दे. गाडीच्या मागणीचं पत्र, चालक म्हणून फक्त माझं नाव लिहून, मी गुरवाकडे जाण्याच्या आदल्या दिवशीच पोस्टात टाकून आले होते.