खालच्या सिलिंडरातलं तेल

सोमवार, ३
आलो एकदाचा. भाषेच्या निवृत्त मास्तराला विमानांच्या संग्रहालयात कोण विचारतं? पण पाट्या लिहायला बोलावलं, वर शेडच्या माळ्यावर खोलीही दिली. लहानपणी डोक्यावरून घरघरत जायची तीच ही रेडियल इंजिनं. नऊ सिलिंडर पाकळ्यांसारखे गोल मांडलेले, त्यांच्या अंगावर धातूच्या बारीक चुण्या. वाऱ्यानेच थंड व्हायचं, पाण्याचं नाव नको. पहिली पाटी लिहिली: याच्या पूर्वजांत अख्खं इंजिनच गरगरे, वंगणाचं जळकं एरंडेल वैमानिकाच्या तोंडावर उडे आणि बिचाऱ्याचं पोट बिघडे. फोनवर हिला वाचून दाखवली, तर म्हणाली, बरंय, तुमच्या बद्धकोष्ठाला विमान. रविवारी येतेय.

मंगळवार, ४
इथल्या मिस्त्रींनी काम शिकवलं. बंद पडून राहिलेल्या इंजिनात तेल झिरपून खालच्या सिलिंडरात साचतं. म्हणून रोज सकाळी इंजिनाचा पुढचा पंखा हाताने नऊ फेरे फिरवायचा. अडला तर ढकलायचा नाही. खालचा प्लग काढून तेल ट्रेमध्ये गळू द्यायचं. आधीच्या रखवालदाराने ढकलला होता म्हणे. त्याचं काय झालं विचारलं, तर ट्रे पुसत राहिले. उद्यापासून ते आठवडाभर रजेवर.
मोजायला युक्ती काढलीय: फेऱ्याला एक चरण, भुजंगप्रयातात. शाळेतल्या कविता अजून तोंडपाठ आहेत. रविवारी पंखा हिच्याकडून फिरवून घेईन, कबूल केलंय. घट्ट झाकणाच्या बरण्या आमच्याकडे तीच उघडते.

गुरुवार, ६
चूक झाली. सातव्या फेऱ्याला पंखा अडला. पण चरण अर्ध्यावर होता, आणि अर्धा चरण मी आयुष्यात सोडलेला नाही. ढकलला. आत काहीतरी मऊ चिरडलं, चपलेखाली गोगलगाय यावी तसं. प्लग काढला. तेल कोमट, वर साय धरलेली. सायीत पांढरे केस. वास एरंडेलाचा, आणि त्याखाली न धुतलेल्या कवळीचा.

शुक्रवार, ७
ट्रेमध्ये दाढ. किडकी, चांदी भरलेली. ओळखीची वाटली म्हणून जीभ फिरवली— माझी जागेवर नाही. खड्ड्यातून तेल झिरपतंय. थुंकलं तरी संपत नाही. गोडसर.

शनिवार, ८
आज पंख्याला हात लावला नाही. तरी ट्रे भरला. नखं, कातडीचे पापुद्रे, कफासारखं काहीतरी, अजून हलणारं. वर माझी उशी काळी, चिकट, डोक्याचे सगळे केस तिलाच. बरगड्यांवर कातडीच्या चुण्या उभ्या राहिल्यात, सिलिंडरावर असतात तशा. त्यांतून वारा फिरला की बरं वाटतं. शी.
येऊ नको सांगायला हिला फोन केला. तोंडातून नुसती बुडबुड. म्हणाली, आधी चूळ भरा, मग बोला. उद्या येतेच औषध घेऊन.

रविवार, ९
ही आली. खाली शेडमध्ये. एरंडेलाची पाटी मोठ्याने वाचतेय, हसतेय. मला जिना उतरवत नाही— पाय तेलात भिजलेल्या बोळ्यासारखे—

पंखा फिरवतेय. मोजतेय. चार. पाच. सहा.

अडला.

अहो, अडकलंय हे, म्हणतेय. थांबा, एक हिसका देते.

तोंड भरलंय. हाक फुटत नाही. हे पान फाडून खाली टाकतो—
अगं, ढकलू न