विसरण्यावरचा प्रबंध

शनिवार संध्याकाळ, ऑगस्ट २००६. सदाशिव पेठ.

आज ताईची पीएचडीची तोंडी परीक्षा. विषय काय, तर ‘विसरणं’! मी दर आठवड्याला ऑफिसचा पासवर्ड विसरतो, मला कुणी डॉक्टरेट देत नाही. पण विद्यापीठात तिच्या विभागात गेलो आणि बघतच राहिलो. तत्त्वज्ञानाच्या त्या खोलीत मेंदूचे डॉक्टर, एक वकीलबाई, इतिहासाचे सर... एका विसरण्याला इतक्या वाटा? मी कॉम्प्युटरवाला, म्हणून मशीन विसरतं का, हे तर मलाच विचारलं. सगळे किती मन लावून ऐकत होते!

ही परीक्षा खुली असते, कुणीही प्रश्न विचारावा. शेवटी आईनं हात वर केला. तिला हल्ली नावं आठवत नाहीत.

‘‘उद्या मी तुझं नाव विसरले, तर तू माझी कोण?’’

वकीलबाई म्हणाल्या, ‘‘कायद्यानं मुलगीच.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘नाव गेलं तरी माया राहू शकते.’’

ताई म्हणाली, ‘‘आई, हे माझ्या प्रबंधात नाही गं.’’

‘‘आमच्याही नव्हतं,’’ परीक्षक म्हणाले. आणि ताई पास!

घरी आईच्या हातात पेढे बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘कुणाचे हो?’’

‘‘माझ्या मुलीचे.’’

नाव घेतलं नाही. की आठवलं नाही? ताईनं ते विचारलं नाही.